हृदयातला आवाज आणि दडवलेली चिठ्ठी

शाळेतल्या आरोग्य तपासणीनंतर काही पालकांच्या हाती एक चिठ्ठी पडते. 'हृदयात मर्मर ऐकू येते, पुढील तपासणीस पाठवावे' एवढेच त्यावर लिहिलेले असते. पण त्या एका ओळीने घरादाराची झोप उडते. काही पालक दुसऱ्याच दिवशी शहर गाठतात आणि हाती लागेल ती तपासणी करून घेतात. त्याहून अधिक घरांत मात्र चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत जाऊन पडते. मुलाचे पळणे, खेळणे बंद होते, रात्री त्याच्या छातीला कान लावून पाहिले जाते, पण दवाखान्यात कोणी जात नाही. काळजी वाहण्यात सहा महिने निघून जातात. जे कळायला हवे, ते बहुधा एक-दोन भेटींत कळले असते.

मर्मर म्हणजे काय, ते आधी पाहू. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते. प्रत्येक ठोक्याला जो 'लब-डब' आवाज येतो, तो झडपा बंद होण्याचा. या दोन आवाजांच्या मध्ये रक्त एरवी निःशब्द वाहते. संथ वाहणारी नदी अरुंद खडकातून जाऊ लागली किंवा तिला पूर आला की खळखळ ऐकू येते. तशीच खळखळ रक्ताची झाली की तिला आम्ही मर्मर म्हणतो. म्हणजे मर्मर हे आजाराचे नाव नाही. स्टेथोस्कोपमधून ऐकू आलेली ती एक खूण आहे आणि तिची कारणे अनेक असतात.

त्यातले पहिले कारण अगदी निरुपद्रवी आहे. निम्म्या किंवा त्याहून अधिक मुलांमध्ये वाढीच्या वयात केव्हा ना केव्हा अशी मर्मर ऐकू येते. हृदय पूर्ण धडधाकट असते. छाती पातळ असते, रक्ताचा वेग जास्त असतो, म्हणून आवाज येतो. ताप असला की तो वाढतो, मूल आडवे झाले किंवा बसले की बदलतो आणि मोठेपणी बहुधा नाहीसा होतो. तिला 'निर्दोष मर्मर' म्हणतात. तिला औषध लागत नाही, पथ्य नाही, खेळावर बंदी तर मुळीच नाही. रक्तक्षयातही पातळ रक्त वेगाने वाहते आणि आवाज येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा वेळी उपचार रक्तक्षयावर करायचा असतो.

दुसरीकडे, हजार नवजात बाळांमध्ये आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. पडद्याला छिद्र, अरुंद झडप, बंद न झालेली रक्तवाहिनी असे त्याचे प्रकार. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असे नाही. लहान छिद्रातून रक्त जोरात जाते आणि आवाज मोठा येतो; मोठ्या छिद्राचा आवाज कधी कधी हलका असतो. त्यामुळे 'डॉक्टर म्हणाले, थोडीशीच मर्मर आहे' यावर निर्धास्त राहू नये आणि 'फार मोठी आहे' म्हणून हातपायही गाळू नयेत.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा घसा विशिष्ट जंतूने सुजतो, बरा होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन मोठे सांधे एकामागून एक दुखू लागतात. सांधे बरे होतात. हृदयाची झडप मात्र कायमची जायबंदी होऊ शकते. घर लहान आणि माणसे जास्त, अशा ठिकाणी हा आजार अधिक दिसतो. वेळीच ओळखला तर साधारण दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन देऊन पुढचे झटके टाळता येतात. हे इंजेक्शन काही वर्षे, झडप खराब झाली असेल तर अनेक वर्षे घ्यावे लागते. औषध स्वस्त आहे, अडचण असते ती सातत्याची.

आता चिठ्ठी दडवण्याकडे येऊ. चिठ्ठी मुलीची असली तर ती दडण्याची शक्यता अधिक. 'उद्या लग्नाचे बघायचे आहे, कशाला गवगवा' हे वाक्य बाह्यरुग्ण विभागात आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. तपासणी टळते, लग्न होते आणि मग दिवस राहतात. गरोदरपणात शरीरातले रक्त जवळपास दीडपट होते, ठोकेही वाढतात. अरुंद झालेल्या झडपेला हा भार पेलत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात धाप लागते, रात्री उशीला टेकून बसावे लागते. घरात सगळे 'पहिलटकरणीला होतेच असे' म्हणतात, कोणी दम्याचे औषध देतो आणि एका रात्री फुप्फुसात पाणी भरून ती रुग्णालयात येते. हीच झडप लग्नाआधी तपासली असती, तर योग्य रुग्णात ती फुग्याच्या साहाय्याने, छाती न उघडता रुंद करता आली असती. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने आपण तिचा जीव पणाला लावतो, हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

मग करायचे काय? लक्षण नसेल तर धावपळ नको, पण काही आठवड्यांत डॉक्टरांना भेटाच. मुलाची नीट तपासणी झाली की अनेकदा तिथेच शंका फिटते. शंका उरली तर टू-डी इको करतात. त्यात सुई नाही, वेदना नाही, क्ष-किरण नाहीत. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा: आवाज निर्दोष आहे का? पुन्हा केव्हा दाखवायचे? खेळू द्यायचे का? औषध असेल तर किती वर्षे? निर्दोष असेल तर तसे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जपा. म्हणजे प्रत्येक नव्या डॉक्टरकडे नवी धास्ती नको.

काही लक्षणांत मात्र त्याच दिवशी निघायला हवे: बाळ दूध ओढताना दमते, कपाळाला घाम येतो, ओठ-जीभ निळसर दिसतात, खेळताना किंवा जिना चढताना शुद्ध हरपते, आडवे झाल्यावर धाप लागते, पायांवर सूज येते. मर्मर असलेल्याला बरेच दिवस ताप राहिला, तर परस्पर अँटिबायोटिक देऊ नका. झडपेलाच जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. साठी-सत्तरीच्या माणसाला चालताना धाप, छातीत दुखणे किंवा घेरी येऊ लागली, तर 'वय झाले' म्हणून सोडू नका. महाधमनीची झडप अरुंद झाल्याची ती लक्षणे असू शकतात.

सगळा दोष पालकांवर टाकून मात्र चालणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी ही त्याची रचना चांगली आहे. जन्मजात हृदयदोष आणि ऱ्हुमॅटिक हृदयविकार दोन्ही त्याच्या यादीत आहेत. पण चिठ्ठीवर फक्त 'पुढील तपासणीस पाठवावे' असते. कुठे, कोणत्या वारी, कोणाला भेटायचे, हे नसते. रोजंदारी बुडवून आलेल्या बापाला 'आज इकोचे डॉक्टर नाहीत' असे दोनदा ऐकावे लागले की तिसरी फेरी होत नाही. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण आणि एक फोन नंबर छापणे, इकोचा वार ठरवून तो पाळणे आणि जे मूल आले नाही त्याच्या घरी आशाताईंनी जाऊन विचारणे, यासाठी नवी योजना लागत नाही. असलेली योजना शेवटच्या टप्प्यापर्यंत न्यावी लागते.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. घरात अशी एखादी चिठ्ठी पडून असेल, या वर्षीची किंवा चार वर्षांपूर्वीची, तर ती आज शोधून काढा. ती मुलीची असेल तर आधी काढा.