पाहुण्यांचे पाणी आणि गावाचे पाणी

आळंदीहून निघालेली श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण ओलांडून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते आणि या जिल्ह्यातला आपला पहिला मुक्काम नातेपुते येथे करते. त्या एका रात्रीसाठी शासनाची सारी यंत्रणा खडबडून जागी होते. टँकर कोठे भरावयाचे याचे आदेश निघतात, विहिरींत औषध पडते, पाण्याचे नमुने तपासणीसाठी रवाना होतात, उपाहारगृहांतील माठ आणि टाक्यांचीही विचारपूस होते. लाखो वारकऱ्यांच्या आरोग्याचा प्रश्न असल्याने यात गैर काहीच नाही. पंढरीच्या वाटेवरील पाण्याची अशी काळजी घेतली जाते, ही सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक मोठी कमाईच म्हटली पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, दुसऱ्या दिवशी पालखी माळशिरसच्या वाटेला लागली म्हणजे ही दक्षताही तिच्याबरोबर गाव सोडून जाते काय?

ही कमाई किती दुःखातून पदरी पडली, याचे स्मरण आज फारसे कोणाला नाही. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची वारी आणि पटकी यांचे नाते इतके घट्ट होते की, यात्रा म्हटली की साथ, असे समीकरणच झाले होते. वारी फुटली की रोग वाटेवरच्या गावांतून घरोघर पोहोचत असे. दूषित हवेमुळे साथ पसरते अशी समजूत तेव्हा शहाण्यासुरत्यांतही होती. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती झालेल्या मृत्यूंचा नकाशा मांडून डॉ. जॉन स्नो यांनी दोष हवेचा नसून पाण्याचा आहे हे दाखवून दिले. त्यानंतर तीस वर्षांनी रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातील तळ्यांच्या पाण्यात पटकीचे जंतू शोधून काढले. आज वारीच्या वाटेवर पटकीचे नावही ऐकू येत नाही, याचे श्रेय मूठभर पांढऱ्या भुकटीला आणि ती वेळच्या वेळी टाकणाऱ्या अनाम कर्मचाऱ्यांना आहे.

यात्रेकरूंच्या पाण्याची चिंता वाहणे ही या मुलखाची जुनी रीत आहे. नातेपुत्यापासून जवळच, डोंगरावर वसलेल्या शिखर शिंगणापूरला मालोजीराजे भोसले यांनी तलाव बांधविला, तो यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात म्हणूनच. चैत्रात शंभूमहादेवाला कावडी घेऊन जाणारे भक्त मुंगी घाटाच्या अवघड चढणीवरून पाणी खांद्यावर वाहून नेतात, त्यातला थेंब सांडू नये म्हणून जिवाचे रान करतात. पाणी कोठून आणावे आणि ते कसे जपावे, हे शहाणपण या भागाला बाहेरून शिकविण्याची गरज नव्हती. मग पुढे घडले काय?

पुढे कालवा आला. भाटघरच्या धरणाचे पाणी घेऊन येणारा नीरा उजवा कालवा 1938 मध्ये पुरा झाला आणि माळशिरस तालुक्याच्या कोरडवाहू माळरानाचे रूपच पालटले. त्याआधीच, 1932 मध्ये, सासवडच्या माळी बागायतदारांनी माळीनगरला साखर कारखाना उभारण्याचे धाडस केले होते. त्यानंतर तालुक्यात ऊस, साखर आणि समृद्धी यांनी चांगलीच मुळे धरली. कालव्याच्या या उपकारांबद्दल कृतज्ञ न राहणे हा करंटेपणा होईल. परंतु कालव्याच्या पाण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती दाखविणारे कोणी आजचे पर्यावरणवादी नव्हते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी व्ही. ए. तम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास करून त्यावर 1910 मध्येच पुस्तिका प्रसिद्ध केली. ती नदीपलीकडच्या डाव्या कालव्याखालील जमिनींविषयी होती. जमिनीला पाण्याचा निचरा नसेल आणि वर पाण्याचा मारा चालूच राहिला, तर भूजल वर चढते, आपल्याबरोबर क्षार आणते आणि सुपीक रान पांढरे पडते, हे त्यांनी उजवा कालवा पुरा होण्याच्या कितीतरी आधी सांगितले होते. जो क्षार पिकाच्या मुळाशी येतो तो शेजारच्या विहिरीत उतरायचा राहत नाही, हे कळावयाला मात्र शास्त्रज्ञ लागत नाही. आजीने शिजत घातलेली तूरडाळ पुरेशी असते. चुलीवर तास तास ठेवूनही डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. मग गृहिणी म्हणते, ‘पाणी जड आहे.’

जडपणा जिभेला कळतो, म्हणून त्याची तक्रार होते. जे जिभेला कळत नाही ते अधिक गंभीर आहे. उसाला पडणाऱ्या नत्रखतांतला न वापरला गेलेला भाग नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपतो. शौचालयांचे शोषखड्डे आणि उकिरडेही त्यात भर घालतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 10500 प्रमाणे, नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. तिच्यापलीकडचे पाणी बाटलीतून दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला घातक ठरू शकते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होऊन मूल निळे पडते. या विषाला रंग, वास, चव यांपैकी काहीही नाही. ब्लीचिंग पावडर त्याला हात लावीत नाही. पाणी उकळणे हा आपल्याकडे सर्व दोषांवरचा रामबाण समजला जातो, पण नायट्रेटच्या बाबतीत तोही उलटतो, कारण वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहून अधिक दाट होतात. तेव्हा बागायती पट्ट्यातील विहिरीचे आणि बोअरचे पाणी किती ‘स्वच्छ दिसते’ यावर विसंबणे म्हणजे आंधळ्याने आरशाची ग्वाही देण्यासारखे आहे. 1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्राला जमिनीच्या पोटातले पाणी शोधावयास शिकविले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच सुमारास उभी राहिली. पाणी लागले की नारळ फोडावयाचा ही सवय आपण तेव्हापासून उचलली; लागलेले पाणी तपासून घ्यावयाचे ही सवय मात्र लागली नाही.

आता नळाच्या पाण्याकडे वळू. उघड्या कालव्याचे पाणी आवर्तनाच्या पाळीने येते. त्यावर विसंबणाऱ्या योजनांना ते दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांसाठी साठवून ठेवावे लागते. वाटेत त्यात गुरे उतरतात, धुणी होतात, शेतातले पाणी मिसळते. असे पाणी निवळवून, गाळून, क्लोरीन देऊनच नळात सोडले पाहिजे हे सर्वमान्य आहे. पण शुद्धीकरण केंद्रातून शुद्ध पाणी निघाले म्हणजे ते घरात शुद्धच पोहोचते, हा भाबडा समज आहे. आपल्या लहान शहरांत पाणी चोवीस तास येत नाही. तासभर येते आणि नळ कोरडा पडतो. व्हॉल्व्ह बंद झाला की नळ रिकामे होताना आतला दाब उतरतो. मग जेथे सांधा निखळलेला असतो तेथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते, आणि तो सांधा बहुधा गटाराच्या कुशीतच असतो. त्यात ज्या घरांत नळाला थेट मोटर लावलेली असते ती ओढ आणखी वाढविते. शेजाऱ्याच्या आधी आपली टाकी भरावी म्हणून लावलेली मोटर साऱ्या गल्लीच्या पाण्यात गटार कालविते. हा कोणा अधिकाऱ्याचा अपराध नव्हे. सुशिक्षित, पगारदार, सज्जन म्हणविणाऱ्या घरांतूनही ही मोटर चालते.

याच कारणासाठी मानकाने नियम घालून दिला आहे की, पाण्यात जंतू मारून उरलेले क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम तरी असावे, आणि ते टाकीपाशी नव्हे, तर शेवटच्या नळाला असावे. हे उरलेले क्लोरीन म्हणजे वाटेवरचा पहारेकरी. त्याची परीक्षा ‘ओटी’ नावाने गावोगाव ठाऊक आहे. नमुन्यात औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. पिवळेपणा नसेल तर एक तर भुकटी पडली नाही, किंवा पडली ती सारी वाटेतल्या घाणीशी लढण्यात खर्ची पडली. दोन्ही अर्थ सावध करणारेच आहेत. ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असते, पण दमट खोलीत उघड्या पोत्यात ती पडून राहिली तर नुसता चुना शिल्लक राहतो. तो टाकल्याची नोंद वहीत पडते, पाण्यावर परिणाम शून्य. आणखी एक गोष्ट नागरिकांनीही मनाशी कबूल करावी. पाण्याला औषधाचा वास आला की तक्रारी येतात. वास येत नाही म्हणून तक्रार घेऊन कोणी येत नाही. कर्मचाऱ्यावर ज्या बाजूने दडपण येते त्या बाजूला तो झुकतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

या साऱ्यावर गावोगाव शोधलेला तोडगा म्हणजे वीस लिटरचा जार. सकाळी रिक्षा टेंपो येतो, दारात निळा किंवा थंड पाण्याचा जार उतरवितो, रिकामा घेऊन जातो. शाळेच्या शिक्षक-कक्षात जार, कचेरीत जार, लग्नाच्या मांडवात जार. पाणी गोड लागते हे खरे. यंत्रातील बारीक पडद्याने क्षार काढून घेतलेले असतात. नायट्रेटही त्यात बऱ्याच अंशी अडते, तेव्हा या यंत्राला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु ते यंत्र पाण्यातील पहारेकरीही काढून टाकते. क्लोरीन त्या पडद्याला अपाय करते म्हणून ते आधीच काढले जाते. त्यानंतर जार धुतला कसा, भरला कोणी, झाकण घट्ट होते काय, तो किती दिवस फिरला, यावरच सारे अवलंबून राहते, आणि त्या पाण्यात शिरलेल्या जंतूला अडवील असे काहीही उरलेले नसते. सीलबंद बाटलीबंद पाण्यासाठी आयएस 14543 हे स्वतंत्र मानक आहे. दारोदार फिरणाऱ्या सुट्या जारवर त्याची खूण शोधूनही सापडणे कठीण. शिवाय एक लिटर गोड पाण्यासाठी त्याहून अधिक पाणी क्षारांसह गटारात सोडून द्यावे लागते, तेही जेथे उन्हाळ्यात बोअरना धाप लागते अशा मुलखात. पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तेथे अशी यंत्रे वापरूच नयेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये दिला तो याच अपव्ययाकडे पाहून.

पण जारचा खरा तोटा आरोग्याच्या खात्यातही नाही आणि पाण्याच्या खात्यातही नाही. तो सार्वजनिक जीवनाच्या खात्यात आहे. ज्या घरांना अर्ज लिहिता येतो, वर्तमानपत्राकडे पत्र पाठविता येते, सभेत उभे राहून आकडा विचारता येतो, नेमकी तीच घरे नळाच्या पाण्यातून उठून गेली आहेत. शिक्षक, लिपिक, दुकानदार यांनी जार लावला. नळाचे पाणी उरले ते ऊसतोडीला आलेल्यांना, रोजंदारीवरच्यांना, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना. ज्या सेवेचा उपभोग केवळ आवाज नसलेले घेतात, ती सेवा सुधारल्याचे उदाहरण विरळा. सरकारी शाळांचे आणि दवाखान्यांचे जे झाले तेच पाण्याचे होऊ घातले आहे.

नातेपुत्याच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. 2021 मध्ये येथील ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. गावाला शहराचा दर्जा मिळाल्याचा आनंद रास्तच होता. पण खेड्यांच्या पाण्यासाठी महाराष्ट्रात बऱ्यापैकी रुळलेली एक चौकट आहे: ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, जिल्हा परिषदेची देखरेख, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर होणारे स्वच्छता सर्वेक्षण आणि त्यावरून गावाला मिळणारे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने त्यात माणशी रोज 55 लिटरचे उद्दिष्ट घातले आणि प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची भर घातली. ही सारी चौकट खेड्यांसाठी आहे. नगरपंचायत झाल्यावर गाव तिच्या कक्षेबाहेर जाते आणि नगरविकास खात्याकडे, अमृतसारख्या शहरी योजनांकडे पाहू लागते. त्या योजना नळ, टाक्या आणि केंद्रे बांधण्यात तरबेज आहेत. दर आठवड्याला शेवटच्या नळाखाली कुपी धरणारा माणूस त्यांच्या अंदाजपत्रकात सहजी दिसत नाही. लाल कार्डाची नामुष्की तरी खेड्याला टोचत असे. शहराला कोण कार्ड देणार? 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियमाने पाणीपुरवठा हे नगरपंचायतीचे आवश्यक कर्तव्य ठरविले आहे, ऐच्छिक नव्हे. तेव्हा कार्डाची पद्धत स्वेच्छेने चालू ठेवण्यास तिला कोणाची आडकाठी नाही.

मागणी फार मोठी नाही. पालखीच्या मुक्कामाला जी यंत्रणा एका रात्रीत उभी राहते तिचा शंभरावा हिस्सा वर्षभर गावात राहावा. प्रत्येक प्रभागातील शेवटच्या नळाचे उरलेले क्लोरीन, आणि वर्षातून दोनदा प्रत्येक सार्वजनिक विहिरीचे व बोअरचे नायट्रेट, यांचे आकडे नगरपंचायतीच्या फलकावर तारखेसह लागावेत. जार विकणाऱ्यांनीही आपल्या पाण्याचा तपासणी अहवाल दुकानात लावावा. निविदांच्या नोटिसा लावावयास फलकावर जागा मिळते, तशी यालाही मिळेल.

यातील बरेचसे काम शासनाची वाट न पाहता होण्याजोगे आहे. गावातील माध्यमिक शाळांत आणि महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. पाण्याचा जडपणा मोजणे हा तेथला नेहमीचा प्रयोग. विद्यार्थी तो परीक्षेपुरता, प्रयोगशाळेच्या पाण्यावर करतात आणि वहीत उत्तर जुळवून मोकळे होतात. तोच प्रयोग प्रत्येकाने आपल्या घरच्या पाण्यावर केला, आणि त्याच्या जोडीला स्वस्तात मिळणाऱ्या संचाने क्लोरीन व नायट्रेट पाहिले, तर एका सत्रात गल्लीगल्लीचा नकाशा तयार होईल. स्नो यांच्या नकाशालाही याहून अधिक सामग्री लागली नव्हती. तो नकाशा घेऊन शिक्षक आणि पालक नगरपंचायतीच्या सभेत गेले, तर तेथील चर्चा ‘पाणी खराब येते’ आणि ‘आम्ही औषध टाकतो’ या दोन वाक्यांच्या पुढे सरकेल. पुढच्या ज्येष्ठात आरोग्य खात्याची पथके विहिरींवर येतील तेव्हा त्यांच्या हाती वर्षभराचे आकडे देता येतील, आणि कोणत्या विहिरीवरून टँकर भरू नये हे गावच त्यांना सांगू शकेल.