आधी पॉवर सप्लायचं लेबल वाचा
जालन्यात पोलादाच्या भट्ट्या विजेवर चालतात. युनिट आणि लोड हे शब्द इथे चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. तरीही अ‍ॅनिमेशन शिकणारं एखादं पोर पै-पै साठवून ग्राफिक्स कार्ड आणतं, काम सुरू करताच कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो आणि सगळे कार्डालाच दोष देतात. हे मला फार लागतं, कारण पुष्कळदा कार्ड निर्दोष असतं. कॅबिनेट उघडा, पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. वर ठळक ४५० वॅट असेल. खरी गोष्ट खालच्या बारीक तक्त्यात असते. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले असतील, तर कार्ड आणि प्रोसेसरसाठी हाती उरतात फक्त २१६ वॅट. आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड एकटंच १७० वॅट ओढतं, प्रोसेसर आणखी ६५. क्षणिक झटके वेगळेच. या कार्डासाठी एनव्हिडिया ५५० वॅटचा सप्लाय सुचवते, ते उगाच नाही. मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, म्हणून बाकीची वीज आणणारी पॉवरची वायर कार्डात खटका बसेपर्यंत आत गेलीय का, बोटाने चाचपा. मशीन बंद न पडता निळा स्क्रीन येत असेल, तर वाट वेगळी: सेफ मोडमध्ये कार्डाचा जुना ड्रायव्हर मुळासकट काढा, मग मशीन नेहमीसारखं सुरू करून नवा टाका. आणि हो, कॉम्प्युटरला अर्थिंगही नीट हवं; मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याचा खड्डा कोरडा पडतो. इलेक्ट्रिशियनकडून तो तपासून घ्या, अधूनमधून त्यात पाणी घालत जा.