एअरबॅग सक्तीची, मग तिची दुरुस्ती आमच्या खिशातून का?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चारचाकी वाहनधारकांनो,

चावी फिरवली की मीटरमध्ये एक लाल खूण पेटते. बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात गोल फुगा. काही सेकंदांत ती विझायला हवी. ती तशीच राहिली किंवा चालत्या गाडीत पुन्हा पेटली, तर गाडीच्या संगणकाला एअरबॅगच्या यंत्रणेत बिघाड सापडला आहे असं समजा. बहुतेक गाड्यांत अशा वेळी ही यंत्रणा पूर्ण किंवा अंशतः बंद पडलेली असते. धडक बसली तर एअरबॅग उघडेल, याचा भरवसा उरत नाही.

तरीही ही लाइट पेटती ठेवून आपल्यातले कितीतरी जण ओरोसहून कणकवलीला, कुडाळहून पणजीला रोज ये-जा करतात. चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी पोराबाळांसह तशाच गाडीनं गाव गाठतात. ‘गाडी चलता मा? मगे कित्याक टेन्शन घेतंस?’ असं बोलून विषय संपवला जातो. त्या बोलण्यामागे बहुतेक वेळा सर्व्हिस सेंटरनं कागदावर लिहून दिलेला खर्चाचा आकडा असतो, आणि त्याखाली ठरलेलं वाक्य : ‘वॉरंटी संपली आहे.’

आमचं म्हणणं थेट आहे. एअरबॅग हे हौसेनं बसवून घेतलेलं सामान नाही. १ जुलै २०१९पासून चालकासाठी ती कायद्यानं सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठी १ एप्रिल २०२१पासून नव्या मॉडेलना आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून जुन्या मॉडेलनाही ती बंधनकारक झाली. तिचे पैसे गाडीच्या किमतीत आपण मोजले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मग पंधरा वर्षं रस्त्यावर धावणाऱ्या गाडीतली सक्तीची सुरक्षा दोन-तीन वर्षांच्या वॉरंटीबरोबर का संपावी?

बिघडतं काय, तेही जाणून घ्या. स्टिअरिंगच्या आत क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टीसारखी वायर असते. स्टिअरिंग फिरताना तीही उलगडते आणि गुंडाळली जाते, आणि वर्षानुवर्षांच्या वापरानं तुटते. तिच्यातूनच चालकाच्या एअरबॅगपर्यंत वीज जाते. सीटखाली पिवळे कनेक्टर असतात, ते सैल होतात किंवा गंजतात. सीटबेल्टच्या बक्कलमधला स्विच खराब होतो. पुढच्या बाजूच्या धडक-सेन्सरला गंज चढतो. बॅटरी उतरली, उंदरानं वायर कुरतडली, गाडीत पाणी शिरलं, तरी हीच लाइट लागते. म्हणजे कारणं अनेक, आणि त्यातली बरीचशी गाडी नुसती वापरल्यानं घडणारी.

इथेच आपल्याला हमखास ऐकवलं जातं : ‘साहेब, तुमच्याकडची हवा खारी. कंपनी काय करणार?’

याचं उत्तर जगानं आधीच देऊन ठेवलं आहे. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमध्ये फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते बिघडलं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडून माणसं मेली. तेव्हा ‘फ्लोरिडाची हवा दमट, त्याला आम्ही काय करणार’ हे उत्तर चाललं नाही. उलट फ्लोरिडा, हवाई अशा दमट भागांतल्या गाड्या आधी दुरुस्त करा, असं अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा यंत्रणेनं कंपन्यांना बजावलं. भारतातही जानेवारी २०१८मध्ये होंडानं याच एअरबॅगसाठी २०१३ साली बनलेल्या अकॉर्ड, सिटी आणि जॅझ मिळून २२,८३४ गाड्या परत मागवल्या. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची हवा खारी आहे आणि इथला पाऊस धो-धो आहे, हे गाडी विकताना कंपनीला ठाऊक असतं. इथे विकलेली गाडी इथल्या हवेत टिकली पाहिजे.

दुरुस्ती फुकट करणं कंपन्यांना जमत नाही, असंही नाही. जानेवारी २०२३मध्ये मारुती सुझुकीनं आल्टो के१०, ब्रेझा, बलेनो, एस-प्रेसो, इको आणि ग्रँड विटारा या मॉडेलच्या १७,३६२ गाड्या एअरबॅग कंट्रोलर तपासून, गरज असेल तर बदलण्यासाठी परत बोलावल्या. तो भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असा सल्लाही दिला. खर्च कंपनीचा. अमेरिकेत होंडानं सीटबेल्टना वर्षानुवर्षं गाडीच्या उपयुक्त आयुष्याइतकी वॉरंटी दिलेली आहे. तिथे जे जमतं, ते कसाल-कुडाळच्या ग्राहकासाठी का जमू नये?

आता कायद्याचं बघू. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि सदोष गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १ एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू झाले. त्यात दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. पण ही सोय सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरतीच. एअरबॅगच्या सक्तीनंतर पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या २०१९च्या गाड्यांची सात वर्षं २०२६मध्ये भरतात. नेमक्या ज्या वयात वायर, स्विच, सेन्सर दगा देऊ लागतात, त्याच वयात कायदा हात काढून घेतो. अमेरिकेत परत मागवलेली गाडी फुकट दुरुस्त करून मिळण्याची मुदत पंधरा वर्षांची आहे.

ग्राहकाच्या बाजूनं मात्र मोठा निकाल हाताशी आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर ह्युंदाईच्या एका क्रेटा गाडीला अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. धडकेचा जोर पुरेसा नव्हता, असा कंपनीचा बचाव. २० एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ह्युंदाईचं अपील फेटाळलं. वेग आणि बल यांची गणितं मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, अशी न्यायालयाची भूमिका होती. तीन लाखांची भरपाई कायम राहिली.

कंपनीनं सगळंच भरावं, असं आम्ही म्हणत नाही. बाहेरून म्युझिक सिस्टीम बसवताना कुणी वायरिंग कापलं, पुरात गाडी घातली, तर तो खर्च मालकाचा. पण चूक मालकाची होती, हे कंपनीनं लेखी कारण देऊन दाखवलं पाहिजे. ‘खारी हवा’ म्हणून हात झटकणं म्हणजे कारण देणं नव्हे.

आमच्या मागण्या :

१. एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेला गाडीच्या पहिल्या नोंदणीइतकी, म्हणजे पंधरा वर्षांची वॉरंटी कंपन्यांवर बंधनकारक करा.

२. गाडी परत मागवण्याची सात वर्षांची मर्यादा पंधरा वर्षांवर न्या.

३. एअरबॅगची लाइट लागल्यास तपासणी मोफत करा आणि सापडलेला फॉल्ट कोड ग्राहकाला लेखी द्या.

४. ओरोसच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयानं अशा तक्रारींची वेगळी नोंद ठेवून ती परिवहन आयुक्तांकडे पाठवावी.

तोवर आपण काय करायचं?

लाइट पेटलेली आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर ‘एअरबॅग लाइट सतत पेटते’ असं लिहून घ्या. तोंडी बोलण्याला पुढे किंमत नसते. चासिस नंबर टाकून आपली गाडी परत मागवलेल्या यादीत आहे का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. सरकारच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रारींची संख्या ठरावीक आकड्याच्या वर गेली की सरकार कंपनीला जाब विचारू शकतं, म्हणून प्रत्येक तक्रार मोलाची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग इथेच सिंधुदुर्गनगरीत आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वकील सक्तीचा नाही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. लाइटचा बल्ब काढून टाकणं, किंवा एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून संगणकाला फसवणं, असे उपाय काही गॅरेजांत सुचवले जातात. त्यानं लाइट विझते, पण धडकेच्या वेळी एअरबॅग उघडत नाही. एअरबॅगमध्ये स्फोटक भरलेलं असतं. अननुभवी हातानं ती खोलली तर गाडी उभी असतानाही इजा होऊ शकते. जुनी गाडी घेताना चावी फिरवून ही लाइट आधी पेटते आणि मग विझते, हे स्वतः पाहा. ती मुळीच पेटत नसेल, तर सौदा थांबवा.

ज्यांच्या गाडीत आज ही लाइट पेटलेली आहे, त्यांनी याच आठवड्यात लेखी तक्रार करावी आणि तिची प्रत जपून ठेवावी. हे पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या वाहनधारकाच्या हाती द्यावं.

आपले,
ओरोस परिसरातील वाहनधारक