नुसतं ‘बेडूक’ म्हणून कसं चालेल?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय बेडकांचा आहे, त्यामुळे ‘शी!’ म्हणून पान बंद करणाऱ्या आत्या-मावश्यांनी जरा धीर धरावा ही विनंती.

मागच्या जूनमध्ये पूर्णगडला गेलो होतो. मिरग लागून आठवडा झाला असेल. काका आगरात पोफळींची आळी उकरत होते आणि मी शहरातून आलेल्या माणसाच्या उत्साहाने खोरं हातात घेऊन त्यांना ‘मदत’ करत होतो. पाचोळा कुजलेल्या एका ओल्या आळ्यातून वीतभर लांबीचं, जांभळट करडं काहीतरी वळवळत वर आलं. गांडुळापेक्षा जाड, सापापेक्षा बुळबुळीत. मी दचकलो आणि खोरं घातलं. दोन तुकडे झाले. काका म्हणाले, "वाळा असेल. टाक गडग्यापलीकडे." टाकले.

रात्री मात्र ते डोक्यातून जाईना. वाळा मी पाहिलाय. तो कोरडा, चकचकीत, खवल्यांचा. याच्या अंगावर तर ओळीने वळ्या होत्या, गांडुळासारख्या. पण गांडुळाला जबडा नसतो, याला होता. डोळे दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर फोटो धुंडाळले आणि पोटात खड्डा पडला. ते देवगांडूळ होतं. म्हणजे गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे, तर बेडकाचा नातेवाईक. नावातच देव असलेल्या निरुपद्रवी प्राण्यावर मी खोरं घातलं होतं.

शाळेत उभयचर म्हणजे बेडूक, एवढंच आपण शिकलो. त्यांची तीन घराणी आहेत. बिनशेपटीचे बेडूक आणि भेक, शेपटीवाले सॅलॅमँडर आणि पाय नसलेली देवगांडुळं. सॅलॅमँडर बघायचा तर दार्जिलिंग-सिक्कीमकडे जावं लागतं, आपल्या महाराष्ट्रात तो नाही. पण तिसरं घराणं आपल्या परसात, आळ्यातल्या ओल्या मातीत राहतं. गांडुळं, वाळवी, मुंग्या खातं. कुणाच्या वाटेला जात नाही, विषारी दंश वगैरे काही नाही.

आणि पुढची गोष्ट वाचून तर मी थक्क झालो. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून २००३ साली देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली, गेगेनिओफिस शेषाचारी. बी. आर. शेषाचार या प्राणिशास्त्रज्ञाचं नाव तिला दिलंय. मग २००८ साली डेव्हिड गॉवर, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ही जात अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. आशियातल्या उभयचरांमध्ये असं पहिल्यांदाच आढळलं होतं. आशियात! आणि डोर्ले म्हणजे आम्ही नुसतं लग्नकार्यात ऐकलेलं नाव. मी मारलं ते यातलंच होतं की दुसरं, हे गडग्यापलीकडे फेकलेल्या तुकड्यांवरून आता कोण सांगणार?

तर माझं म्हणणं असं आहे की, ओळख पटवणं हा काही कॅमेरेवाल्यांचा रिकामटेकडा छंद नाही. नाव माहीत असतं तर हात थांबला असता. इतकं साधं आहे हे.

बेडकांचंही तेच. मी बारावीला शास्त्र शाखेत होतो. ‘राना टिग्रिना’ ट्रेमध्ये टाचण्यांनी टोचून त्याचं तीन कप्प्यांचं हृदय काढून दाखवलंय. (२०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या पदवीला हा प्रकार थांबवायला सांगितला, फार बरं झालं.) पण तोच बेडूक जिवंत कसा ओरडतो हे विचारलं असतं तर मी ‘डराव’ एवढंच सांगितलं असतं. आतून पाठ, बाहेरून कोरा! पहिल्या मोठ्या पावसात आमच्या खळ्याच्या कडेला साचलेल्या पाण्यात हळदीसारखे पिवळेधमक नर आणि त्यांच्या गळ्याशी फुगणाऱ्या दोन निळ्या पिशव्या पाहिल्या, तेव्हा मला वाटलं हे कुठलं तरी परदेशी जनावर आलं. हाच तो टिग्रिना. थोडे दिवस त्याचं लगीनघाईचं पिवळं सोंग चालतं आणि मग पुन्हा मळकट हिरवा होऊन शेतात दिसेनासा होतो. गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून खातात तो मुख्यत्वे हाच. तंगड्यांची निर्यात १९८७ पासून बंद आहे, पण पावसाळी रात्री टॉर्च आणि पोतं घेऊन फिरणारे अजून आहेतच.

तेव्हापासून रात्री पडवीत बसून कान लावायची सवय लागलीय. डोळ्यांपेक्षा कानाने ओळख लवकर होते. कंगव्यावरून नख ओढल्यासारखा कर्कश आवाज आला की तो एवढासा, अंगठ्याच्या पेरावर मावेल असा मायक्रोहायला. एवढ्याशा जिवाचा एवढा गळा कसा हे कोडंच आहे. लाकडावर टकटक केल्यासारखा येतो तो न्हाणीघरातला झाडबेडूक, बोटांना चकत्या असलेला. वहिनी टाकीच्या भिंतीवरचा साबणासारखा फेस दरवर्षी घासून काढायची. तो फेस म्हणजे त्याचं घरटं. आत अंडी असतात आणि पिल्लं तिथून खाली पाण्यात पडतात. हे सांगितल्यावर वहिनी म्हणाली, "आधी सांगायचंस ना!" आता टाकीची ती बाजू पावसाळा संपेपर्यंत कुणी घासत नाही. लांबलचक कुर्रर्र लावणारा, कोरड्या खरखरीत अंगाचा, डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असलेला तो भेक. त्याला हात लावून चामखीळ येते हे खोटं, पण हात न धुता डोळे चोळू नयेत हे खरं. कुत्र्याने त्याला तोंडात धरलं तर तोंडाला फेस येतो, ते त्या ग्रंथींमुळे.

छोटे करडे, पाठीवर रेघ असलेले-नसलेले बेडूक मात्र मला ओळखता येत नाहीत आणि फोटोवरून छातीठोक नाव सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्यांच्या जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की अभ्यासकही आवाज आणि डीएनए तपासतात. असो. पाच ओळखीचे झाले तरी पुष्कळ.

आता खरी अडचण. दादा, हे तू वाचणार आहेस हे मला माहितीये, म्हणून इथेच लिहितो. फोनवर आपलं भांडण होतं.

सड्यावरचा आपला तुकडा सपाट करून कलमं लावायचं तू ठरवलंयस. लाव. हापूसवर घर चालतं, मी पुण्यात बसून तुला शहाणपण शिकवू नये हेही कबूल. पण कातळातल्या खोलगट जागांमध्ये जूनपासून जे पाणी साठतं, त्यात माती ओतू नकोस. "विहीर आहे ना बेडकांना," असं तू म्हणालास. विहीर वेगळी. विहिरीत आपण सोडलेले मासे आहेत, ते अंडी-पिल्लं फस्त करतात. सड्यावरचं पाणी पावसानंतर आटतं, म्हणून तिथे मासा टिकत नाही. म्हणूनच बेडूक तिथे येतात आणि पिल्लं पाणी आटायच्या आत घाईघाईने पाय काढून बाहेर पडतात. आंबोलीकडचा वाघासारख्या पट्ट्यांचा छोटा भेक २००९ साली शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला, तोही अशाच उथळ डबक्यांत वाढतो. आपल्या सड्यावर कोण वाढतं ते कुणी पाहिलेलंच नाही.

खाडीपलीकडच्या कशेळीचा कातळातला हत्ती आठव. गुरं त्याच्यावरून जायची, कुणाला काही वाटत नव्हतं. अभ्यासकांनी ‘कातळशिल्प’ म्हणून नोंद केली, २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि आता तिथे लोक गाड्या घेऊन बघायला येतात. दगड तोच. फक्त काय आहे ते कळलं.

काकांनी मागच्या महिन्यात विचारलं, "काय रे, यंदा बेडकांची शिरगणती करायला येतोस ना?" थट्टेत विचारलं, पण मागाहून म्हणाले की हल्ली पोफळींच्या आळ्यात खोऱ्याऐवजी हाताने माती बाजूला करतात. दादाने मात्र परवा एकच ओळ पाठवलीय, "ती पाण्याची जागा नक्की किती गुंठे आहे?"

मिरगाला टेप घेऊन जातोय.