आवाज तीन आठवडे बसलेलाच असेल तर

आवाज बसला की घरोघरी जेष्ठमध, हळदीचे दूध आणि वाफ सुरू होते. सर्दीने किंवा ओरडून बसलेला आवाज त्यावर आठ-पंधरा दिवसांत मोकळा होतोही. पण तीन आठवडे उलटले तरी घोगरेपणा जात नसेल, तर नाक-कान-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे. आपल्या बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार महिनोन् महिने फडावर असतात. तिथे आवाजाकडे कोण बघतो? गावी परतेपर्यंत श्वासाला घरघर लागलेली असते.

स्वरयंत्राचा कॅन्सर बहुतेक वेळा आतल्या अस्तराचा असतो आणि विडी-सिगारेट हे त्याचे मोठे कारण. मात्र कधी विडीला न शिवलेल्यांनाही गाठ होते. कूर्चेतून उठणारा कॉन्ड्रोसार्कोमा हा असाच दुर्मीळ प्रकार. तो अस्तराखाली सावकाश वाढतो, म्हणून वरवर काढलेल्या तुकड्यात काहीच सापडत नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि आवाज मात्र खालावतच जातो. अशा वेळी सीटी स्कॅन आणि खोलवरचा तुकडा हवा. ही गाठ शस्त्रक्रियेने काढतात. लहान असेल तर स्वरयंत्रही वाचवता येते. याउलट लिम्फोमा निघाला तर औषधे आणि किरणोपचार हाच मुख्य इलाज. म्हणजे गाठीचे नेमके नाव कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो या भीतीने रुग्णाला माघारी नेणारे नातेवाईक त्याचे फार नुकसान करतात.

लहान मुलांत चामखिळीसारख्या पॅपिलोमाच्या गाठी होतात. त्या विषाणूमुळे येतात, सहसा कॅन्सरच्या नसतात. पण काढल्या तरी पुन्हा उगवतात. मुलाचा आवाज घोगरा आणि श्वासाला आवाज, तरी दम्याचेच औषध चालू असेल, तर घसा एकदा दाखवाच.

तपासणीसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. पुढे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कॅन्सर रुग्णालय, नाहीतर मुंबईचे टाटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड व आधारकार्ड जवळ ठेवा. मोठ्या रुग्णालयात जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. पॅथॉलॉजीतून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. दुर्मीळ गाठीचे निदान तिथले डॉक्टर त्यावरूनच पुन्हा पडताळतात.