अर्धा कोयता

लक्ष्मीपूजनाला चकलांब्यात घरोघरी पणत्या लागतात, आणि भाऊबीज सरली की त्यांतल्या कितीतरी दारांना कुलपं लागतात. भांडीकुंडी, पिठाची पोती, कोपीवर टाकायची ताडपत्री, एखादी शेळी, कडेवरची पोरं असा सगळा संसार ट्रॉलीत चढतो. ऊस तोडायला कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी साताऱ्याकडे, कुणी थेट कर्नाटकात. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं हे आमचं गाव पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, म्हाताऱ्यांच्या भरवशावर राहतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून थंडीच्या निवांत दिवसांत अंक वाचायची मराठी घरांना सवय लागली. ते निवांत दिवस या घरांच्या वाट्याला कधी आलेच नाहीत. म्हणून ‘काम आणि माणूस’ हा आमच्या दिवाळी अंकाचा यंदाचा विषय ठरला, तेव्हा सुरुवात गावापासूनच करायची असं ठरवलं.

आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. ‘यंदा किती कोयते?’ असं टोळी जमवणारा मुकादम विचारतो आणि उत्तरही कोयत्यांतच मिळतं. कामावरून नाव पडणं आपल्याला नवं नाही. सुतार, कुंभार, कुलकर्णी, देशमुख ही आडनावं कामातूनच आली. मात्र ज्या वतनाने कुलकर्ण्याला जमीन आणि मान दिला, त्याच व्यवस्थेने महाराला राबवून घेतलं. ती बेडी तोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं होतं. काम कोणतं यापेक्षा ते सोडायची मोकळीक आहे की नाही, हा प्रश्न मला फार मोठा वाटतो.

कोयत्याला ती मोकळीक उचल देत नाही. पावसाळ्यात मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ही रक्कम हंगामभर ऊस तोडून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टोळीत. ती मिळते जोडीला, म्हणून मुलाचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. शाळेत बसायच्या वयाच्या पोरी बोहल्यावर चढतात, त्याला एकटा अडाणीपणा कारण नाही. मागे कुणाकडे ठेवायची ही धास्ती असते, आणि उचलीचा हिशेबही असतो.

आणि बाई? पहाटे अंधारात उठून भाकरी थापायच्या, फडात ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. जानेवारी २०२४मध्ये तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. त्या टनात तिचा घाम निम्मा असतो, हिशेब मात्र नवऱ्याच्या नावाने होतो. एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड. पाळी, बाळंतपण, अंगावरचं दुखणं हे सगळं खाड्याच्या भीतीखाली दाबायचं. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींनी गर्भाशय काढलेलं होतं. काम माणसाला घडवतं असं आपण सहज बोलून जातो. इथे ते बाईच्या देहातून काय काय काढून घेतं, ते आकड्यांत दिसलं.

हे असंच राहील, असं मी मानत नाही. पाठीवर पोतं वाहणारा हमालही एकेकाळी बाजारातला बिननावाचा माणूस होता. अण्णासाहेब पाटलांची माथाडी चळवळ, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत, आणि १९६९चा माथाडी कायदा यांनी त्याला नोंदणी, भविष्य निर्वाह निधी आणि कामगार हे नाव मिळवून दिलं. ओझं तेच होतं, पण ते वाहणारा माणूस कागदावर आला. ऊसतोडीसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं आहे, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली आहे, ग्रामसेवकांनी तोडकऱ्यांची नोंद करून ओळखपत्रं द्यावीत असा आदेशही २०२१मध्ये निघाला.

अशाच एका नोंदणीच्या वेळी मी बसलो होतो. व्यवसायाच्या रकान्याशी आल्यावर एक गडी म्हणाला, ‘शेती लिवा.’ दोन एकर कोरडवाहू, पण गावात तो शेतकरीच असतो. कोयता तो गाव सोडल्यावर होतो. समजावल्यावर त्याने ऊसतोड लिहू दिलं आणि अंगठा पुढे केला. मागे उभी असलेली त्याची बायको पदर सावरत पुढे आली. ‘मपलं बी लिवा की भाऊ. ऊस मीबी तोडते.’

ग्रामसेवकाने दुसरा कोरा अर्ज ओढला आणि तिचं नाव विचारलं.