बगळ्यांना पाटी नको, चिखल हवा

ओहारा कोसोन (१८७७–१९४५) या जपानी चित्रकाराच्या लाकडी ठशांच्या चित्रांत बगळ्याचं अंग म्हणजे पुष्कळदा कोरा कागदच असतो. भोवतीचं आभाळ तेवढं गडद छापायचं. पिसांसाठी शाई न लावलेल्या ठशावर कागद ठेवून मागून जोरात घासायचं. चित्र उजेडात तिरपं धरलं की पीस न् पीस उठून दिसतं.

हा पक्षी जपानच्या कलेत सगळीकडे शिरला आहे. हिमेजीच्या पांढऱ्याशुभ्र किल्ल्याला लोक बगळ्याचाच किल्ला म्हणतात. त्सुवानोत २० आणि २७ जुलैला दोन पुरुष डोक्यावर बगळ्याची मान आणि पाठीला लाकडी पट्ट्यांचे पंख बांधून नाचतात. क्योतोचा हा नाच त्या गावात १५४२मध्ये आला. लाखेच्या डब्यांवर, किमोनोंवरही बगळा असतोच, बहुधा लव्हाळ्यात नाहीतर वाळुंजाखाली. लग्नाच्या किमोनोवरचा मान मात्र क्रौंचाचा. बगळा त्या मानाने गावकरी, भातखाचरातला.

आणि खाचरं हाच खरा मुद्दा आहे. लहान बगळ्याचे पाय काळे, पण बोटं पिवळी. उथळ पाण्यात तो एक पाय थरथरवत गाळ ढवळतो आणि दचकून बाहेर आलेला मासा टिपतो. कोकणात चिखलणीच्या वेळी नांगरामागे चालणाऱ्यांतही हाच लहान बगळा असतो.

तोक्योच्या उत्तरेला नोदा इथे बगळ्यांची मोठी वसाहत होती. १७२८च्या सुमारास शोगुन योशिमुनेच्या हुकमावरून मिनुमाची दलदल आटवून, पाट काढून भातशेती उभी राहिली आणि जवळच्या बांबूच्या बनात बगळे घरटी बांधू लागले. १९५२मध्ये सरकारने या जागेला ‘विशेष नैसर्गिक स्मारक’ केलं. याहून वरचा दर्जा जपानमध्ये नाही. तरी १९७२मध्ये तिथे एकही घरटं झालं नाही आणि १९८४मध्ये तो दर्जाच काढून घेण्यात आला. आज तिथे स्मृती-उद्यान आहे!

बन राखलं, पण भोवतीची शेतं कीटकनाशकांनी आणि घरांनी गिळली. बगळा झोपायला झाडावर येतो, जेवायला खाचरात जातो. जेवणाची सोय काढून घेऊन त्याच्या शयनगृहावर सरकारी पाटी लावणं हा शहाणपणा नव्हे. उरलेल्या शेतांतही आज अनेक ठिकाणी सिमेंटचे खोल चर आहेत. त्यांतून मासा खाचरात चढू शकत नाही. मध्यम बगळा जपानच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीच्या उंबरठ्यावर आहे, यात मग नवल काय?

जपानमधल्याच तोयोओका शहराने करकोच्याच्या बाबतीत उलटी वाट धरली. १९७१मध्ये जपानच्या रानातून संपलेला हा पक्षी २००५मध्ये तिथे पुन्हा सोडला, पण त्याआधी शेतकऱ्यांना हाताशी धरून. औषधं कमी केली, खाचरांत पाणी जास्त दिवस ठेवलं, माशांना चरातून वर येण्यासाठी पायऱ्या केल्या. बेडकांच्या पिल्लांना मोठं व्हायला वेळ मिळाला. शेतकऱ्याची मेहनत वाढली, म्हणून तिथला तांदूळ नेहमीच्यापेक्षा महाग विकला जातो आणि खपतोही.